सहापदरी रस्ता ओलांडायचा कसा?

सिंहस्थ २०२८ साठी इंदूर-उज्जैन रस्ता सहापदरी होतोय, चांगलंच आहे. पण सांवेरकडच्या कित्येकांचं घर रस्त्याच्या या बाजूला आणि शेत त्या बाजूला. त्यांनी पलीकडे जायचं कसं, हे कुणी विचारत नाही. आपल्या मराठी ग्रुपवर एकच प्रश्न, महाकालाला किती मिनिटांत पोचू?

साधा हिशेब करा. एका बाजूच्या तीन लेन म्हणजे साडेदहा मीटर. ट्रॅक्टर आणि ट्रॉली मिळून आठ-नऊ मीटर. सोयाबीनने भरलेली ट्रॉली थांबल्या जागेवरून निघून ही बाजू मोकळी करेपर्यंत चौदा-पंधरा सेकंद सहज जातात. ताशी ८० किलोमीटरने येणारी कार तेवढ्या वेळात तीनशे मीटर कापते. म्हणजे ट्रॅक्टरवाला निघाला तेव्हा त्याला दिसला असेल एक ठिपका, रात्री नुसते दोन दिवे. त्यावरून वेगाचा अंदाज कुणाला येणार? तरी अपघात झाला की आपण म्हणून मोकळे, "हे गाववाले न बघता घुसतात."

आपल्याकडे यावर ठरलेला उपाय म्हणजे सोलर ब्लिंकर. समोर कुणी असो-नसो, तो आपला लुकलुकतोय. रोज जाणाऱ्याला चार दिवसांनी तो दिसेनासाच होतो. न्यूझीलंडमध्ये काही ग्रामीण चौकांवर वेगळी पद्धत आहे. आडरस्त्याने गाडी येतेय हे सेन्सरने टिपलं की हमरस्त्यावरची पाटी उजळते आणि वेगमर्यादा तेवढ्यापुरती १०० वरून ७० किंवा ६० वर येते. एरवी पाटी बंद. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातही आडरस्त्याची वाहनं टिपून इशारा देणाऱ्या पाट्या लावल्यात. मला पटतं ते एवढंच की सावध व्हायचं काम वेगात असणाऱ्याच्याही गळ्यात पडतं.

अडचणी आहेत. बॅटरी चोरीला जाईल (जाईलच, आपला माळवा आहे). त्याहून वाईट म्हणजे यंत्र बिघडलं तर बंद पाटी पाहून ड्रायव्हर समजेल की रस्ता मोकळा आहे. त्यामुळे देखभाल ठेकेदाराच्या करारातच हवी, आणि बिघाड झाला की पाटीने तसं दाखवायला हवं. गाडी टिपायला कच्च्या वाटेत पुरलेली तार टिकायची नाही. खांबावरचा रडार बरा.

"आधी ब्लॅक स्पॉट (वारंवार अपघात होणारी जागा) तर ठरू दे" म्हणणाऱ्यांसाठी: राष्ट्रीय महामार्गांवरचा निकष असा की साधारण ५०० मीटरच्या पट्ट्यात ३ वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात, नाहीतर १० मृत्यू. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली आणि अपघातांच्या संख्येत आपला मध्य प्रदेश दुसरा होता. नव्या रस्त्यावरही पाच अपघात मोजत बसायचं का?

प्रत्येक वाटेवर पूल बांधणं परवडणार नाही, मान्य. पण रस्ता आत्ता खोदलेलाच आहे, तर गावच्या तोंडाशी केबलचे पाइप आणि खांबांचे पाये आत्ताच घालून ठेवा. आणि मंडीच्या गेटवर येणाऱ्या प्रत्येक ट्रॉलीला मागून लाल रिफ्लेक्टर पट्टी फुकट चिकटवून द्या, त्याला तर टेंडरचीही गरज नाही.