बीडीएस (दंतवैद्यक पदवी) प्रवेश: बारावीच्या गुणांबद्दल खुलासा

‘बीडीएसची गुणवत्ता यादी बारावीचे ५० टक्के आणि नीटचे (वैद्यकीय प्रवेश परीक्षेचे) ५० टक्के धरून लागते’ हा मेसेज चुकीचा आहे. परवा मीही तो पुढे पाठवला, त्याबद्दल माफी मागते. नंतर सीईटी सेलची (राज्यातली प्रवेशप्रक्रिया राबवणाऱ्या कार्यालयाची) माहितीपुस्तिका काळजीपूर्वक वाचली.

यादी फक्त नीटच्या ७२० पैकी गुणांवर लागते. बारावीचे गुण केवळ पात्रतेपुरते: भौतिक, रसायन, जीवशास्त्रात मिळून खुल्या प्रवर्गाला ५० टक्के, मागासवर्गीयांना ४०. गोंधळ बहुधा इथेच झाला, कारण नीटची पात्रताही खुल्या प्रवर्गासाठी ५० पर्सेंटाइल असते. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, तर परीक्षा दिलेल्या इतरांच्या तुलनेतलं स्थान!

बारावीत ६० टक्के मिळालेली मुलं हा मेसेज वाचून अर्जच भरणार नाहीत, याची मला खरी काळजी वाटते. कृपया तो पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.