अंदमानच्या आधी लालबाग

फेब्रुवारीत अंदमानला जाऊन आलो. फोटो टाकल्यापासून रोज कोणी ना कोणी विचारतंय. स्नॉर्कलिंगचे (मास्क आणि नळी लावून तरंगत समुद्राच्या आत बघायचे) किती घेतात, पोहता येत नसलं तर चालतं का, सासूबाईंना पाण्यात कसं उतरवलंत? एकेकाला इनबॉक्समध्ये सांगत बसण्यापेक्षा इथेच सविस्तर लिहिते. पोस्ट लांब होणार आहे, पण शेवटपर्यंत वाचा अशी विनंती. विशेषतः मुलांना घेऊन जाणार असाल तर.

पोहता येत नसलं तरी चालतं, असं तिथे प्रत्येक जण सांगतो, आणि ते खरंही आहे. अंगात लाइफ जॅकेट घालतात, हातात रिंग देतात, गाइड ती रिंग ओढत तुम्हाला फिरवून आणतो. दहा-पंधरा मिनिटांत फोटो-व्हिडिओसकट काम आटोपतं. माझं म्हणणं एवढंच आहे की तेवढ्यासाठी बडोद्याहून दोन विमानं आणि एक जहाज करून जाऊ नका. आधी दोन महिने आपल्या गावातल्या स्विमिंग पूलमध्ये तोंड पाण्यात घालून शांतपणे श्वास घ्यायला शिका, घरातल्या प्रत्येकाला शिकवा, आणि मगच तिकिटं काढा.

हे मी का म्हणते, ते सांगते.

१८ जानेवारी २०२४. बडोदेकरांना ही तारीख वेगळी सांगायला नको. हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली, १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. बोटीत प्रमाणाबाहेर मुलं बसवली होती, बऱ्याच जणांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हतं. माझी लेक तेव्हा चौथीत होती, त्यातल्या कितीतरी मुलांच्याच वयाची. त्या रात्री ती माझ्या कुशीत झोपली आणि नवऱ्याने सांगून टाकलं, यापुढे आपल्या घरातलं कोणी पाण्याच्या वाटेला जाणार नाही. मीही हो म्हटलं. त्या दिवसांत दुसरं काही सुचतच नव्हतं.

पण महिन्याभराने मनात यायला लागलं की आपण तिला किती दिवस लांब ठेवणार? उद्या मैत्रिणींबरोबर कुठे नदीवर जाईल, कॉलेजच्या सहलीला जाईल. तेव्हा आपण बरोबर नसू. पाण्यापासून लांब ठेवल्याने मूल सुरक्षित होत नाही, त्याला पाणी कळलं तर होतं. म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत बडोद्यातल्या लालबागच्या स्विमिंग पूलमध्ये दोन्ही मुलांची नावं घातली आणि बायकांच्या बॅचमध्ये माझंही.

आई, म्हणजे माझ्या सासूबाई, वय ६३, रोज टॉवेलांची पिशवी धरून बाहेर बाकावर बसायच्या. दांडिया बाजारात वाढलेल्या, कमरेच्या वर पाण्यात कधी गेल्या नव्हत्या. तिसऱ्या आठवड्यात मला म्हणाल्या, "तो पूर्ण बाह्यांचा ड्रेस मिळतो ना पोहायचा, मला एक आण." एवढंच. पहिले चार दिवस त्यांनी फक्त कठडा धरून पाण्यात तोंड घातलं आणि बुडबुडे काढले. आमच्या शिकवणाऱ्या ताईंनी अजिबात घाई केली नाही. दोन महिन्यांनी आई पाठीवर तरंगत होत्या. त्यांना आजही लांबवर पोहता येत नाही, पण पाण्यात अंग सैल सोडता येतं. आणि स्नॉर्कलिंगला नेमकं हेच लागतं.

बऱ्याच लोकांना वाटतं की अवघड भाग पोहण्याचा आहे. तो नाही. अवघड आहे ते फक्त तोंडाने श्वास घेणं. मास्कमध्ये नाक बंद होतं, आणि नाक बंद झालं की माणूस घाबरतो, भराभर श्वास घेतो, डोकं वर काढतो, हातपाय मारतो. ही सवय कोरड्या जमिनीवरच घालवायची. आम्ही दिवाळीनंतर मास्क आणि नळी विकत आणली. आई संध्याकाळी मालिका बघताना अर्धा अर्धा तास ते चढवून बसायच्या आणि तोंडाने हळूहळू श्वास घ्यायच्या. नळीत पाणी शिरलं तर जोरात फुंकून बाहेर काढायचं, हे मुलांनी स्विमिंग पूलमध्ये शंभर वेळा केलं असेल. नवऱ्याच्या मास्कमध्ये सारखं पाणी शिरायचं, कारण मिशीमुळे कड नीट चिकटत नव्हती. ओठावर व्हॅसलिन लावलं तेव्हा थांबलं. बायकांनी कपाळावरचे केस कडेखाली राहत नाहीत ना ते बघायचं. काचेवर धुकं येऊ नये म्हणून आतून थुंकी चोळून धुवायची, याहून चांगला उपाय नाही.

आता तिथलं.

पहिल्या दिवशी हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला, एलिफंट बीचवर गेलो. गर्दी खूप. आमच्या गाइडने छातीएवढ्या पाण्यात नेलं आणि मुलाचा मास्क घट्ट करायला म्हणाला, "यहाँ पत्थर पे खड़े हो जाओ." मी आणि नवरा उभे राहिलो. लेकीने मास्क घालून खाली बघितलं आणि वर येऊन ओरडली, "आई, उतर! ते जिवंत आहे!" मी खाली बघितलं. मोठ्या भोपळ्याएवढा गोल प्रवाळ, वर मेंदूसारख्या वळ्या, आणि त्यावर माझी टाच. असे गोल प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. म्हणजे तो माझ्या लेकीपेक्षाच काय, कदाचित माझ्यापेक्षाही वयाने मोठा असेल. हे लिहिताना आजही वाईट वाटतं. आमच्या आजूबाजूला वीस-पंचवीस माणसं तशीच उभी होती. एक जण मासे जवळ यावेत म्हणून बिस्किटं टाकत होता.

प्रवाळ म्हणजे दगड नाही, झाडही नाही. बारीक बारीक प्राण्यांची वसाहत आहे ती. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, तेच त्यांना बरंचसं अन्न देतं आणि रंगही देतं. समुद्र नेहमीपेक्षा एखाद-दोन अंशांनी जरी बराच काळ तापला, तरी प्रवाळ ते शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. फार दिवस तसाच राहिला तर मरतो. अंदमानात २०१० साली असं फार मोठ्या प्रमाणावर झालं. एप्रिल २०२४ मध्ये तर शास्त्रज्ञांनी चौथ्यांदा जगभर प्रवाळ पांढरे पडत असल्याचं जाहीर केलं. आधीच तापलेल्या समुद्रात कसाबसा तग धरून असलेल्या जिवावर आपण फोटोसाठी पाय देतो, हे मला सहन होत नाही. ज्याला तरंगता येत नाही तो पाय टेकवणारच, घाबरल्यावर दुसरं काय करणार? म्हणून म्हणते, शिकून जा.

आठवण म्हणून प्रवाळाचा तुकडाही आणू नका. मेलेला, किनाऱ्यावर पडलेला असला तरी नको. दगडी प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या बरोबरीने. आमच्या एका नातेवाइकांनी "देवघराजवळ ठेवायला" मागितला होता. स्पष्ट नाही सांगितलं.

दोन दिवसांनी नील, म्हणजे शहीद द्वीप. इथे आम्ही आधीच गाइडशी बोलून घेतलं. सकाळी लवकर जायचं, आम्हाला ओढायचं नाही, बिस्किटं टाकायची नाहीत, आणि या आजी जेव्हा म्हणतील तेव्हा परत फिरायचं. गाइड तयार झाला. पैसे थोडे जास्त घेतले, ते आनंदाने दिले. लाइफ जॅकेट पाचही जणांनी घातलं, पोहता येणाऱ्यांनीसुद्धा, आणि याबाबतीत मी कोणाचं काही ऐकून घेत नाही.

आईंनी माझं मनगट धरलं होतं. इतकं घट्ट की बांगडी रुतत होती. तोंड पाण्यात घातलं, दोन श्वास, चार श्वास. खाली वाळू, मग एकदम प्रवाळांचा बगीचा सुरू झाला. निळ्या-जांभळ्या कडांचा एक मोठा शिंपला आमची सावली पडताच मिटला. हळूहळू मनगटावरची बोटं सैल झाली. मग त्यांनी हातच सोडला आणि नुसत्या तरंगत राहिल्या. मी त्यांच्याकडेच बघत होते, मासे नंतर बघितले.

पाच-सात मिनिटांनी त्यांनी डोकं वर काढलं, नळी बाजूला केली आणि म्हणाल्या, "अगं, आवाज येतोय. खाली कोणीतरी काहीतरी चावतंय."

मी कान दिला. खरंच, कर्र कर्र, कर्र कर्र. हिरवा-गुलाबी पोपटमासा चोचीसारख्या दातांनी खडक खरवडत होता. त्याला शेवाळ हवं असतं, बरोबर पोटात गेलेला चुना वाळू होऊन बाहेर पडतो. अशा बेटांच्या पांढऱ्या वाळूतली बरीचशी त्यानेच केलेली असते. पहिल्या दिवशीच्या आरडाओरड्यात हा आवाज आमच्यापैकी कोणालाच ऐकू आला नव्हता. आई चाळीस मिनिटं पाण्यात होत्या. (साठीच्या पुढच्यांनी आधी डॉक्टरांना दाखवून घ्या. आम्ही बीपी आणि हृदयाची तपासणी करूनच गेलो होतो.)

एवढ्या लांब जाणं ज्यांना जमणार नाही त्यांच्यासाठी एक सांगते. आपल्या गुजरातेतही प्रवाळ आहेत. कच्छच्या आखातातलं मरीन नॅशनल पार्क १९८२ पासूनचं, देशातलं पहिलं. जामनगरजवळ नरारा इथे ओहोटीला पाणी मागे हटतं आणि चालत जाऊन प्रवाळ, खेकडे, नशीब असेल तर ऑक्टोपस बघता येतो. आणि बडोद्याचं या समुद्राशी जुनं नातं आहे बरं का. ओखामंडळ आपल्या गायकवाडांच्या राज्यात होतं, आणि सयाजीराव महाराजांच्या काळात तिथल्या समुद्री जिवांची पाहणी बडोदे सरकारने जेम्स हॉर्नेल या शास्त्रज्ञाकडून करून घेतली होती. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी.

डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही नराराला जाणार आहोत. वनखात्याची परवानगी काढायची, ओहोटीची वेळ बघून तारीख ठरवायची, आणि वाटाड्याच्या मागोमाग वाळूवरूनच चालायचं. आईंनी आत्तापासून जाड तळाचे बूट घेऊन ठेवलेत. आमच्या गाडीत दोन जागा आहेत, कोणाला यायचं असेल तर कळवा.