निवृत्तांनो, मे महिना मोकळा ठेवा

निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ हातात देताना साहेब सांगतात, "आता छंद जोपासा." जोपासाच. सगळ्यात आधी एक चांगली दुर्बीण घ्या. घर आमच्यासारखे गोव्यात, फोंड्याला असेल तर पहाटे निघायचे, रायबंदरला फेरीबोट पकडायची आणि चोडणच्या सलीम अली अभयारण्यात पक्षी बघायचे, असा बेत आखा. लांबून येणारे पक्षी थंडी सरली की परत जातात, हे मनाला लावून घेऊ नका. मे महिन्यात वेगळे थवे उतरतात, तेही थेट तुमच्या हॉलमध्ये. ओळखायला सोपे. नर अर्ध्या विजारीत असतो आणि "बीच किती लांब?" असा आवाज काढतो. फोंड्याला समुद्र नाही, हे त्याला एकदा समजावून बघाच.

पाहुणा कोणत्या विमानतळावर उतरणार, हे मात्र विचारू नका. अविश्वास दाखवल्यासारखे होते. 2023 पासून गोव्यात दोन विमानतळ चालू आहेत, पण पाहुण्याच्या लेखी गोवा म्हणजे गोवा. तुम्ही आपले दाबोळीला जाऊन घामाघूम व्हा. तो पार पेडण्यातल्या मोपाहून फोन करील, "मामा, तुम्ही दिसत नाही कुठे?"

कार्यांचे नियोजन सोपे आहे. यंदा, म्हणजे 2026 साली, 17 मेपासून अधिक ज्येष्ठ. अधिकात लग्नमुंजी होत नाहीत, म्हणून साऱ्या गोताने आपापली कार्ये त्याआधी कोंबली. एकाच रविवारी मुंज मडगावला, लग्न म्हापशाला, वास्तुशांत डिचोलीला. तिन्हीकडचा निरोप एकच: "तुम्ही काय, आता मोकळेच!" कुठे अक्षता टाकायच्या आणि कुठे जेवायचे, हे बायकोवर सोपवा. खतखते कुठल्या आचाऱ्याचे आहे, हे तिला नुसते हॉलचे नाव वाचून कळते.

अधिक महिना लागला की आपण सुटलो, असे समजा. समजायला काय जाते? धोंड्याच्या महिन्यात जावयाला वाण द्यायचे असते, 33 अनारशांचे. जावई पुण्याचा असेल तर लेकीचा फोन आठवडाभर आधी येतो. तांदूळ तीन दिवस भिजवा, पाणी रोज बदला, फडक्यावर सुकवा, दळा, गूळ घालून पीठ मुरवा. एवढे करून आमचे पहिले सहा तुपात पडताच हसले आणि कढईभर विखुरले. हिला मात्र हसू आले नाही. जावईबापूंनी एक उचलला, अर्धा खाल्ला आणि म्हणाले, "आई, सध्या गोड बंद आहे."

बायकोलाही छंद हवा. गच्चीवर भिरंडाची, म्हणजे कोकमाची, सोलं घालू द्या. सोल त्याच्याच मीठ घातलेल्या रसात बुडवायचे, उन्हात टाकायचे, पुन्हा बुडवायचे. आणि हे सगळे पावसाच्या आत, कारण तो जूनच्या पहिल्या आठवड्यात दारात असतो. नातवंडांना पकडापकडीला हीच गच्ची सापडते. नंतर दिवाणखान्याच्या पांढऱ्या फरशीवर लाल-जांभळ्या पावलांची रांग उमटते, गौर आल्यासारखी. फरक इतकाच, की ही पावले फ्रिजपर्यंत जातात आणि परत फिरतात.

मित्रांना विसरू नका, तेही विसरू देत नाहीत. "गळ टाकायला मांडवीवर जाऊ," असे म्हणत ते चार वाजता येतात. गळ एकाकडे, हुर्राकची, म्हणजे काजूच्या दारूची, बाटली चौघांकडे. लिम्का, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची तुमच्या घरची. मांडवी जिथे वाहते तिथेच वाहत राहते.

दुर्बीण? आहे ना. परवा पहिल्यांदा गच्चीवर नेली. शेजाऱ्यांच्या झाडावर धनेश येऊन बसला होता, चोच केवढी थोरली! श्वास रोखून चकती फिरवत होतो. चोच स्पष्ट दिसू लागली आणि तिच्या मागे, आमच्या वळणावर, एक टॅक्सी. टपावर तीन बॅगा.


"अगं," मी खाली ओरडलो, "तांदूळ भिजत घाल."