जुनी बिल्डिंग म्हणजे रॅम्प माफ? कोणी सांगितलं?

अमेरिकेत दुकान काढू बघणाऱ्या आपल्या लोकांमधे एक मेसेज सारखा फिरतोय. "हिस्टॉरिक डिस्ट्रिक्टमधे जागा घ्या, बिल्डिंग ग्रँडफादर्ड (जुनी म्हणून नव्या नियमातून सुटलेली) असते, एडीए (अपंगांना येता-जाता यावं म्हणून असलेला कायदा) लागत नाही, सिटीने परमिट दिलं की कोणी विचारत नाही, आणि तसंही हेरिटेजवाले पायरीला हात लावू देत नाहीत." यातलं शेवटचं थोडंसं खरं आहे, म्हणून तर बाकीचं खपतं.

आधी ग्रँडफादर. एडीए १९९० चा कायदा, त्यात दुकानांना "जुनं आहे म्हणून माफ" असं काही नाहीच. उलट काहीही काम न काढलेल्या जुन्या दुकानालासुद्धा फार खर्च-खटपट न करता निघतील ते अडथळे काढावेच लागतात, आणि आज परवडत नसेल तर धंदा चालायला लागल्यावर परत बघायचं. लोकांचा घोळ बहुतेक सेफ हार्बरवरून होतो, म्हणजे एडीएच्या १९९१ च्या मापात नीट केलेली गोष्ट २०१० ची मापं आली म्हणून लगेच तोडायची नाही, पुढे तिला हात लावाल तेव्हा नव्या मापात करायची. शंभर वर्षांची दगडी पायरी १९९१ च्या मापात कधी होती हो?

परमिटचं तर सोपं आहे. सिटीचा प्लॅन चेकर लोकल बिल्डिंग कोड बघतो, एडीए हा फेडरल नागरी हक्कांचा कायदा, त्यातून सुटका द्यायचा अधिकार सिटीला नाही. परमिट भिंतीवर लावलेलं असताना केस होऊ शकते, आणि कॅलिफोर्नियात राज्याच्या कायद्याने वर किमान ४,००० डॉलर भरपाई.

आता हेरिटेज. सूट आहे, पण ती फक्त नॅशनल रजिस्टरवरच्या (ऐतिहासिक जागांच्या देशपातळीवरच्या यादीतल्या) किंवा त्याला पात्र, नाहीतर राज्याच्या किंवा लोकल कायद्याने जाहीर झालेल्या बिल्डिंगला, तीही बदलाने तिचं ऐतिहासिक महत्त्वच धोक्यात येत असेल तर, आणि ते तुम्ही ठरवायचं नाही, राज्याच्या हिस्टॉरिक प्रिझर्व्हेशन ऑफिसरशी बोलून ठरतं. एवढं करून सूट मिळते ती त्या दारापुरती किंवा त्या टॉयलेटपुरती, अख्ख्या दुकानाला नाही.

हेरिटेजचं कमिशन, म्हणजे अशा बिल्डिंगमधले बदल मंजूर करणारी लोकल समिती, दर वेळी नाही म्हणतं हेही खोटं. सहा इंचाची एक पायरी घ्या, १:१२ च्या उताराने सहा फूट रॅम्प, वर दारापुढे पाच फूट सपाट जागा, एवढं फुटपाथवर मावत नाही आणि फुटपाथ सिटीचा, त्यामुळे तो अर्ज बहुधा अडकतोच. मग लोक बाजूचं दार वापरतात, नाहीतर आतली फरशी खाली घेऊन उतार दुकानाच्या आत आणतात. जुनी दुपाखी दारं असतात, एकेक पाखं चोवीस इंच, लागतात बत्तीस. दोन्ही पाखी एकदम उघडणारा ऑटोमॅटिक ओपनर लावला की मूळ लाकडाला धक्का न लावता काम होतं. गोल नॉबच्या जागी लिव्हर तर एका दुपारचं काम आहे, त्याला कसला हेरिटेजचा बहाणा!

आणि खर्चाचं रडगाणं गाण्याआधी टॅक्सवाल्याला टॅक्स कायद्याचं सेक्शन ४४ विचारा, अशा कामांच्या खर्चासाठी छोट्या धंद्याला वर्षाला ५,००० डॉलरपर्यंत टॅक्स क्रेडिट मिळतं. लीज सही करायच्या आधी विचारा मात्र, कारण "एडीए टेनंटने बघावं" असं लिहिलेलं असलं तरी केस मालक आणि भाडेकरू दोघांवरही होऊ शकते, कोणी किती भरायचं ते मग तुम्ही आपसात भांडत बसा.