कारखाना गेला, पण नेला कोणी?

परवा कट्ट्यावर वादाला तोंड फुटले ते विनायकच्या एका वाक्याने. "अमेरिकेतले कारखाने चीनने पळवले," असे तो म्हणाला. सुधीरची सारी नोकरी एका कंपनीच्या खरेदी विभागात गेलेली असल्यामुळे त्याला हे झोंबले असावे. तो ताडकन म्हणाला, "पळवले नाहीत, पाठवले. तिथल्या मालकांचा हात काही कोणी पिरगाळला नव्हता."

विनायकजवळ आकडे होते. 1979 मध्ये अमेरिकेतील कारखान्यांत सुमारे 1 कोटी 95 लाख लोक कामाला होते. 2000 साली ही संख्या 1 कोटी 73 लाखांच्या आसपास होती, म्हणजे वीस वर्षांतली घट फार मोठी नव्हती. पण 2010 च्या सुरुवातीला ती सुमारे 1 कोटी 15 लाखांवर आली. चीन जागतिक व्यापार संघटनेत दाखल झाला तो डिसेंबर 2001 मध्ये. "कावळा बसला आणि फांदी तुटली, असेच म्हणायचे का याला?" असा त्याचा सवाल होता.

नाना आमच्यात वयाने मोठे. त्यांनी 19 सप्टेंबर 1977 चा दाखला दिला. ओहायोतील यंग्जटाउन येथे त्या सोमवारी पोलादाचा मोठा कारखाना बंद होणार असल्याचे जाहीर झाले आणि सुमारे पाच हजार लोकांचे काम गेले. तिथे त्या दिवसाला आजही 'काळा सोमवार' म्हणतात. "माओला जाऊन तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते," नाना म्हणाले. "आयात पोलादाची झळ होती, पण ती प्रामुख्याने जपानची. शिवाय भट्ट्या जुनाट झाल्या होत्या आणि नव्या मालकांनी त्यांत पुरेसे पैसे घातले नव्हते. तिथे चीन कुठे येतो?" यंत्रांचा वाटाही त्यांनी मांडला: 1980 च्या सुमारास एक टन पोलादासाठी अमेरिकेत सुमारे दहा मनुष्य-तास लागत, आता दोनही लागत नाहीत. ते काम परदेशी गेले नाही, नाहीसेच झाले.

तरीही विनायकचा मुद्दा खोडून निघत नाही, हे मला मान्य करावे लागले. डेव्हिड ऑटर आणि त्यांच्या सहकारी अर्थशास्त्रज्ञांनी चिनी आयातीच्या धक्क्याचा जो अभ्यास केला, त्यात 1999 ते 2011 या काळात त्यामुळे गेलेल्या नोकऱ्यांचा अंदाज 20 ते 24 लाखांचा आहे, आणि त्यांत कारखान्यांवर अवलंबून असलेली इतर कामेही धरलेली आहेत. सगळी घट एवढ्याने उलगडत नाही, पण हा आकडा क्षुल्लकही नाही. आणि हा घाव साऱ्या देशावर सारखा न बसता फर्निचर, कापड, खेळणी अशा एकेका धंद्यावर जगणाऱ्या ठरावीक गावांवर बसला.

खरी माहितीची गोष्ट सांगितली ती सुधीरने. त्याच्या मते केवळ मजुरी स्वस्त म्हणून काम जात नाही, कारण खरेदी करणारा पाहतो तो माल दारात येऊन पडेपर्यंतचा एकूण खर्च. 26 एप्रिल 1956 रोजी मॅल्कम मॅक्लीन यांचे जहाज नेवार्कहून 58 कंटेनर घेऊन ह्यूस्टनकडे निघाले; सुटा माल जहाजात चढवायला तेव्हा टनामागे 5.86 डॉलर लागत, तिथे कंटेनरने खर्च 16 सेंटवर आला. समुद्र अशा रीतीने आटल्यावर मजुरीतला फरक वाहतुकीत खपेनासा झाला. पुढे साचे करणारा, स्क्रू पुरवणारा, रंग देणारा हे सगळे मुख्य कारखान्यामागोमाग गेले, आणि मग कोणी परत यायचे म्हटले तरी शेजारी साचा दुरुस्त करून देणारा उरला नव्हता. "माझ्या तक्त्यात किंमत, दर्जा आणि मुदत असे तीन रकाने असत," तो म्हणाला. "तीन ठिकाणचे भाव मागवायचे आणि सर्वांत कमी असेल त्यावर खूण करायची. मी ती निमूटपणे करीत आलो."

"मग आयात शुल्क लावा," विनायक म्हणाला. ते लावून झाले आहे, हे मी त्याला सांगितले. 2018 मध्ये अमेरिकेने आयात धुलाई यंत्रांवर शुल्क लावले. यंत्रे महागलीच, पण ज्यांवर शुल्क नव्हते ते कपडे वाळवण्याचे ड्रायरही महागले, कारण दोन्ही जोडीने विकली जातात. सुमारे 1,800 नोकऱ्या निर्माण झाल्या खऱ्या, पण अभ्यासकांच्या हिशेबाने एकेका नोकरीमागे ग्राहकांना वर्षाला सुमारे 8 लाख 15 हजार डॉलर मोजावे लागले.

माझा स्वतःचा रोख ना चीनवर आहे, ना एकट्या मालकांवर. 1962 मध्ये केनेडी सरकारने व्यापार खुला करणारा कायदा केला, तेव्हा ज्यांचे काम आयातीमुळे जाईल त्यांना भत्ता आणि नवे प्रशिक्षण देण्याचे त्यातच लिहिले होते. म्हणजे कोणाचा बळी जाणार हे आधीपासून ठाऊक होते. प्रत्यक्षात अटी इतक्या कडक होत्या की 1969 पर्यंत कामगारांचा एकही अर्ज मंजूर झाला नाही. 1974 मध्ये त्या शिथिल झाल्या. आणि जुलै 2022 मध्ये या योजनेची मुदत संपल्यावर नव्या अर्जांची छाननीच थांबली. स्वस्त मालाचा लाभ साऱ्या देशाने घेतला आणि त्याची भरपाई मात्र कधी मनापासून केली नाही. माझ्या लेखी मुख्य दोष हाच.

विनायकला हे पटले नाही. "पन्नाशीच्या ओतकाम्याला तू संगणक शिकवशील," तो म्हणाला, "पण त्याच्या गावात संगणकाचे काम आहे कुठे? आणि कारखाना बंद पडल्यावर त्याचे घर विकत कोण घेणार, म्हणजे तो दुसरीकडे जाईल?" याला माझ्याजवळ चोख उत्तर नव्हते. नाना म्हणाले की म्हणूनच कामगाराला आधी कळणे महत्त्वाचे. अमेरिकेत 1988 मध्ये तसा कायदा झाला आणि मोठ्या कारखान्यांना टाळे लावण्यापूर्वी नोटीस देणे बंधनकारक झाले.

"किती दिवसांची?" सुधीरने विचारले.

"साठ."

सुधीर थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "माझ्याकडे तो तक्ता दीड वर्ष आधी आलेला असे."