‘बाहेर आलेल्या मूत्राशयाला नसाच नसतात’ : फिरत्या मेसेजचा प्रतिवाद

मूत्राशय पोटाबाहेर उघडं असलेल्या, म्हणजे ब्लॅडर एक्स्ट्रॉफी असलेल्या बाळांबद्दलचा एक मेसेज पेडण्यापासून काणकोणपर्यंतच्या ग्रुपांवर फिरतोय. त्यात म्हटलंय : या मूत्राशयाला नसाच नसतात, ते आत बसवून उपयोग नाही, मूल पाच वर्षांचं होईस्तोवर थांबा, तोवर कापूस आणि खोबरेल तेल लावा, पाठीवर गाठ असलेल्या बाळांचा आजारही हाच, पाठ शिवली की लघवी आपोआप सुरळीत होते, नळी घातली की नसा आळशी होतात.

‘नसाच नसतात.’ असतात. मूत्राशय आवळणारे मज्जातंतू मज्जारज्जूच्या एस २ ते एस ४ या, अगदी खालच्या टोकाच्या, भागातून येतात. ते सैल ठेवणारे आणि त्याचं तोंड मिटवणारे तंतू वरून, टी ११ ते एल २ च्या, म्हणजे छातीच्या खालच्या आणि कमरेच्या वरच्या भागाच्या, आसपासून येतात. बाहेरच्या झडपेची, म्हणजे स्फिंक्टरची, नस पुन्हा एस २ ते ४ मधलीच. एक्स्ट्रॉफीत गर्भात मिटायची राहते ती पोटाची खालची भिंत आणि मूत्राशयाची पुढची बाजू. पाठीचा कणा बहुधा शाबूत असतो. नवजात बाळांच्या अशा मूत्राशयाचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा तंतू सापडले. बारीक, मायलिनचं (संदेश वेगाने नेणारं) आवरण असलेले तंतू नेहमीपेक्षा कमी होते आणि स्नायूंमध्ये कोलॅजन, म्हणजे ताठर धागेदार प्रथिन, जास्त होतं. नसांचा आवळण्याचा संदेश पकडणारे स्नायूंवरचे मस्कॅरिनिक ग्राहक (रिसेप्टर) मात्र नेहमीइतकेच. याला वाढ अपुरी राहिलेलं मूत्राशय म्हणतात, मेलेलं नव्हे.

मग लघवी सतत का गळते? स्फिंक्टरचं कडं पुढून उघडं असतं, मूत्रमार्गही वरून चिरल्यासारखा. आदेश पोचला तरी आवळायला पूर्ण कडंच नाही. मेसेज लिहिणाऱ्याने गळती पाहिली आणि दोष नसांवर टाकला. शस्त्रक्रियेत नसांना इजा होऊ शकते, हे खरं. मूत्राशयाकडे येणारं तंतूंचं जाळं मागून आणि बाजूने, गुदाशयाला लागून येतं, म्हणून सर्जन तिथे जपून हात घालतात. मुलग्यांमध्ये शिस्नाच्या नसा नेहमीच्या जागी, वर मध्यावर, नसून बाजूला सरकलेल्या असतात. हे ठाऊक नसलेल्या हाताने केलेली पहिली शस्त्रक्रिया फसली, टाके उसवले, तर पुढे लघवीवर ताबा येण्याची शक्यता बरीच घटते. त्यामुळे खरा प्रश्न ‘करावी का’ हा नाही, ‘कोणी करावी’ हा आहे.

‘पाच वर्षं थांबा.’ केव्हा मिटवायचं यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. काही जण ओटीपोटाची हाडं मऊ असताना, पहिल्या ७२ तासांत मिटवतात. काही जण एक ते तीन महिने थांबून, हाडं कापून जवळ आणतात. पाच वर्षं कोणीच सांगत नाही. मूत्राशयाच्या उघड्या अस्तरावर पॉलिप, म्हणजे मांसल उंचवटे, येतात, त्याचा पोत बदलतो, स्नायू ताठरतो. पाचव्या वर्षाच्या आसपास येते ती पुढची पायरी, मूत्राशयाचं तोंड घट्ट करण्याची. तीही मूत्राशयात साधारण १०० मिली लघवी मावायला लागली तरच.

‘कापूस आणि तेल.’ कापसाचे धागे ओल्या अस्तराला चिकटतात आणि काढताना ते सोलवटतं. पाणी उकळून गार करून सोवळं पाळलं तरी कापूस तो कापूसच. गोव्याची हवा कितीही दमट असो, पंख्याखाली किंवा वॉर्मरखाली अस्तर सुकतंच. करायचं ते असं : नाळेला प्लॅस्टिकचा क्लॅम्प न लावता निर्जंतुक रेशमी धाग्याने बांधायचं, कारण क्लॅम्प अस्तरावर घासतो. मूत्राशयावर पारदर्शक क्लिंग फिल्म (न चिकटणारा पातळ प्लॅस्टिकचा पापुद्रा) ठेवायची. दर डायपर बदलताना निर्जंतुक सलाईनने धुवून नवी फिल्म घालायची. मग बाळाला बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, पाठवायचं, लहान मुलांच्या सर्जनला आधी कळवून.

‘पाठीची गाठ म्हणजे हाच आजार.’ मेसेजमधली सर्वांत घातक ओळ ही. पाठीवर गाठ येणाऱ्या या दोषात, मेनिंगोमायलोसीलमध्ये, मूत्राशय जागेवर असतं, पण मज्जारज्जू उघडा राहून नसा गर्भातच बिघडलेल्या असतात. पाठ शिवल्याने जंतुसंसर्ग टळतो, गेलेल्या नसा परत येत नाहीत. इथे धोका उलट प्रकारचा : मूत्राशय आवळतं तेव्हा स्फिंक्टरही आवळलेला राहतो, आत दाब वाढतो. तो ४० सेंटिमीटर उंच पाण्याच्या स्तंभाच्या दाबापलीकडे गेला तर किडनीला इजा होण्याची भीती, आणि बाळ बाहेरून ठणठणीत दिसतं. डायपर ओला होतो म्हणजे मूत्राशय रिकामं होतंय असं समजू नका. भरून वाहतानाही तो ओलाच होतो. म्हणून पाठ शिवल्यानंतर मागे उरणारी लघवी मोजणं आणि सोनोग्राफी, मग पहिल्या काही महिन्यांत युरोडायनॅमिक्स, म्हणजे मूत्राशयातला दाब मोजण्याची तपासणी. (दोन्ही दोष एकत्र असू शकतात : आतडंही उघडं असलेल्या क्लोएकल एक्स्ट्रॉफीत कण्याचे दोष नेहमी शोधावे लागतात.)

‘नळीने नसा आळशी होतात.’ नाही. १९७२ पासून प्रचलित असलेली स्वच्छ, ठराविक वेळाने घालून लगेच काढायची नळी दाब उतरवते, एवढंच तिचं काम. बाळाला साधारण ६ ते ८ फ्रेंच (नळीच्या जाडीचं माप) मापाची लागते. फक्त ती आणि हातमोजे, दोन्ही लॅटेक्सविरहित हवेत. या दोन्ही दोषांच्या मुलांना वारंवारच्या शस्त्रक्रियांमुळे लॅटेक्सची ॲलर्जी होण्याचा धोका मोठा असतो.