दहावीच्या लेकराचा ‘चान्स’ छापणाऱ्यांनो

आज दुपारी एका माणसानं माझ्या दुकानात येऊन आपल्या पोराचं भविष्य लॅमिनेट करायला दिलं. चेष्टा करत नाही.

येलदरी रोडवरच्या एका गावचे शेतकरी. ओळखीचे आहेत, पीक विम्याचा फॉर्म माझ्याकडंच भरतात. पोरगं दहावी झालं, जिल्हा परिषदेच्या शाळेतून. कुठल्याशा मोठ्या क्लासनं तालुक्याला येऊन ‘स्कॉलरशिप परीक्षा’ घेतली होती, तासाभराची. तिचा हा रिपोर्ट. वर लेकराचा फोटो, खाली गाडीच्या मीटरसारखा काटा काढलेला, आणि काटा लाल पट्ट्यात. ‘सरकारी एमबीबीएसची शक्यता : २२ टक्के.’ दुसऱ्या पानावर तोच फोटो, तोच मीटर, पण काटा हिरव्यात. ‘आमच्या दोन वर्षांच्या प्रोग्रामनंतर : ७८ टक्के.’ अन् त्याच्या खाली फी.

“दोन्ही पानं पाठीला पाठ लावून टाका दादा, हिरवं वर ठेवा,” ते म्हणाले. “लेकराच्या नावचा असा रंगीत कागद पहिल्यांदाच आलाय.”

मी केलं लॅमिनेशन. पैसेही घेतले, धंदा आहे. पण ते गेल्यापासून डोकं ठिकाणावर नाही.

२२ कुठून आले हो? २१ का नाही, ३५ का नाही? पोरानं अजून अकरावीचं पुस्तक उघडलेलं नाही. पुढच्या दोन वर्षांत पेपर कसा निघेल, किती पोरं बसतील, किती सीट असतील, यातलं एक तरी त्या छापणाऱ्याला माहीत आहे का? सोयाबीन पेरायच्या आधी मोंढ्यातला दिवाळीचा भाव सांगणाऱ्याला आपण येड्यात काढतो, आणि याला ‘सर’ म्हणतो.

माझ्या चुलतभावाच्या पोरीचं सांगतो. माझ्या लिस्टमधल्या निम्म्या लोकांना माहीत आहे, तरी सांगतो.

४ मे २०२५, डॉक्टरकीच्या प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा. फिजिक्सनं त्या वर्षी पोरांना घाम फोडला होता. सेंटरच्या गेटवर आयाबाया लेकरांना पोटाशी धरून उभ्या होत्या, मी तिथंच होतो. आमची पोरगी बाहेर आली ती एक शब्द बोलली नाही. संध्याकाळी क्लासच्या उत्तरांशी ताळा केला, पाचशे तीसच्या आसपास बसत होते. भावानं लगेच क्लासच्या कौन्सिलिंगवाल्या सरांना गाठलं. सरांनी मोबाईलमधून आदल्या वर्षीचा तक्ता काढला. आदलं वर्ष म्हणजे २०२४! ज्या वर्षी पहिल्या निकालात ६७ जणांना ७२० पैकी ७२० होते आणि सुधारित निकालात त्यातले १७ उरले, ते वर्ष. त्या साली ओपनची सव्वासहाशेवाली पोरंसुद्धा सरकारीसाठी तोंड पाडून फिरत होती. त्या तक्त्यात पाचशे तीसला कोण विचारतंय? सर म्हणाले, “रिपीट, वर्षभर थांबून परत नीट द्या. दुसरा विचारच करू नका. आणि रिपीटरच्या जागा भरत आल्यात.”

भावानं दुसऱ्या दिवशी ॲडव्हान्स भरला. ना-परतावा. पावतीवर तेवढंच ठळक छापलेलं होतं.

१४ जूनला निकाल लागला. देशात पहिला आलेल्या पोराला ६८६. म्हणजे वरपासून खालपर्यंत सगळंच उतरलेलं. आमच्या पोरीचं नाव पहिल्याच यादीत सरकारीला लागलं, मेरिटवर. आता ॲनाटॉमीच्या नावानं बोंबलत असते. पण मधला तो महिना-सव्वा महिना? घरात टीव्ही लागला नाही. वहिनी जेवायला हाक मारायची, तर ही आतून “भूक नाही” म्हणायची. लग्नाकार्याला आलेली नाही, कारण तिथं प्रत्येक मामा-मावशी एकच विचारणार, “मग, लागतो का नंबर?”

आता मला सांगा, पेपर होऊन गेलेला, उत्तरं हातात, मार्क जवळपास कळलेले, तरी त्या संध्याकाळी ज्यांना धड सांगता आलं नाही, ते दोन वर्षं आधी टक्केवारी छापून देतात. कशाच्या जोरावर?

नंबर मार्कांना लागत नाही, रँकला लागतो, एवढी साधी गोष्ट आहे. २०२५ ला २२ लाखांवर पोरं बसली होती. तुमच्या लेकराला किती पडले यापेक्षा बाकीच्यांना किती पडले यावर सगळं. त्यातही ८५ टक्के जागा राज्याच्या यादीतून, १५ टक्के देशपातळीवर. मग प्रवर्ग. मग कागदपत्रं. चांगल्या मार्कांची पोरं केवळ व्हॅलिडिटी, म्हणजे जात पडताळणीचं प्रमाणपत्र, वेळेत आली नाही म्हणून ओपनमध्ये जाऊन पडलेली मी माझ्या या खुर्चीतून बघितली आहेत. त्या मीटरमध्ये व्हॅलिडिटीचा काटा होता का?

आणि आपल्या मराठवाड्यानं तर हे ‘चान्स’ प्रकरण पिढीभर भोगलंय. ७०:३० आठवतं का? ७० टक्के जागा त्या-त्या विभागातल्या पोरांना, ३० टक्के बाहेरच्यांना. आपल्याकडं सरकारी मेडिकल कॉलेजं मोजून चार, संभाजीनगर, अंबाजोगाई, नांदेड, लातूर. पोरं मात्र हुशार आणि ढिगानं. मग आपल्या पोराला जास्त मार्क असूनही घरी, आणि दुसऱ्या विभागातलं कमी मार्कांचं पोरगं कॉलेजात. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारनं ते रद्द केलं. एका रात्रीत ‘चान्स’ बदलला. पोरं तीच, मार्क तेच! पुढं २०२२ ला धाराशिवला कॉलेज सुरू झालं, २०२३ ला आपल्या परभणीला, २०२४ ला जालना अन् हिंगोलीला, प्रत्येकी शंभर जागा. आता त्या जागा सगळ्या राज्याच्या यादीतून भरतात, फक्त आपल्यासाठी नाहीत, हे माहीत आहे मला. तरी दारं वाढली ना? यातलं काय त्या तासाभराच्या पेपरात मोजलं होतं?

खरी चीड पुढं आहे. हा रिपोर्ट नुसता कागद राहत नाही. त्याच्यावर बॅच पडतात. हिरवेवाले ‘टॉप बॅच’ला, त्यांना चांगले शिकवणारे, त्यांचे डाउट रात्री दहापर्यंत. लालवाले शेवटच्या बॅचला, शंभर-दीडशेच्या हॉलमध्ये, माईकवर. दोन वर्षांनी लालवाल्यांचा नंबर लागत नाही, मग हे म्हणणार, बघा, आमचा अंदाज बरोबर निघाला! अरे, निघणारच, तुम्हीच तर त्याला मागं बसवलं. आमच्या पोरीलाही अकरावीच्या दिवाळीत टॉप बॅचमधून काढलं होतं, दोन टेस्ट खराब गेल्या म्हणून. त्या वेळी मलेरियानं अंथरुणात होती ती. कुणी विचारलं नाही. पुढं जे केलं ते तिनं, मेसच्या कोपऱ्यात बसून, एका मैत्रिणीच्या वह्यांवर. निकालानंतर मात्र तिचा फोटो चौकातल्या बॅनरवर होता, पहिल्या रांगेत.

हां, आता लगेच काही जण म्हणतील की पोरांना खोटी आशा लावायची का. नाही लावायची. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा रिपीट करणाऱ्याला कुणीतरी जवळ बसवून बीएएमएस, फार्मसी, नर्सिंग, बीएस्सी, काय ते नीट सांगितलंच पाहिजे. दिल्ली एम्सला ओपनची यादी पन्नासेक रँकला आटपते, तिथं ‘अवघड आहे’ म्हणायला तर शहाण्याचीही गरज नाही. आणि पसंतीक्रम भरताना मागच्या वर्षीचे कटऑफ मीही उघडतोच. पण रँक हातात आल्यावर! काही कौन्सिलिंगवाले चांगले आहेत, तेही मान्य. ते निकालाआधी तोंड उघडत नाहीत, त्यावरूनच ओळखायचे.

त्या पोराचं सांगायचं राहिलं. बाप कागद देत होता तेव्हा ते झेरॉक्सच्या मशीनकडं बघत उभं होतं. मी विचारलं, “काय रे, डॉक्टर व्हायचंय?” ते खाली बघून म्हणालं, “आधी अकरावीला जाऊ द्या की.” बापापेक्षा, क्लासपेक्षा, माझ्यापेक्षा त्यालाच जास्त कळतंय. बापाला तरी काय बोलू? त्यांना वाटतंय की लेकराला कुणीतरी मोजलं म्हणजे लेकरू मोजण्यासारखं आहे. गावात कोण एवढं तरी करतं? फी विचारली तर म्हणाले, “बघू, एक म्हैस आहे.” मला पुढं काही बोलवलं नाही.

असो. लई लिहिलं. जिंतूर-सेलूकडच्या मंडळींनो, पोरगं अकरावी सायन्सला गेलं की जातीच्या व्हॅलिडिटीचा अर्ज कॉलेजमार्फत टाकून द्या, बारावीच्या उन्हाळ्यात धावू नका. नॉन-क्रिमिलेयरची मुदत बघत जा, डोमिसाईल काढून ठेवा. नाव, जन्मतारीख आधारवर आणि दहावीच्या सनदेवर एकसारखी आहे का, ते आजच तपासा. नसेल तर या दुकानात, फुकट बघून देतो.

आणि क्लासवाले ही पोस्ट वाचणारच, स्क्रीनशॉट फिरतात आपल्या गावात. कमेंटमध्ये भांडायला खुशाल या. फक्त येताना माझ्या भावानं ५ मेला भरलेल्या त्या ॲडव्हान्सचं काय झालं ते सांगा. पोरगी त्या बॅचला एक दिवसही बसलेली नाही. पावती माझ्याकडं आहे, तीही लॅमिनेट करून ठेवलीय.